पॉवर इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची टीम कशी बांधावी

कन्व्हर्टर, म्हणजे विजेचं व्होल्टेज किंवा रूप बदलणारी उपकरणं, बनवणाऱ्या एखाद्या कंपनीचा अंदाज घ्यायचा असेल तर मी डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) मागत नाही. मी विचारते, "फुल लोडला बोर्ड उडाला, तर पहिल्या तासात टेबलाभोवती कोण कोण जमतं?" एकच नाव कानावर आलं, तर ती कंपनी एका माणसाच्या जिवावर चालली आहे. "डिझाइनवाले बघतात" असं उत्तर मिळालं, तर टेस्टिंग, फर्मवेअर (उपकरणातल्या चिपचं सॉफ्टवेअर) आणि खरेदी यांना कोणी विचारत नाही हे समजतं.

पॉवर स्टेज, म्हणजे कन्व्हर्टरचा प्रत्यक्ष वीज हाताळणारा भाग, डिझाइन करत करत मी प्रमुखपदावर आले. आता माणसं जमवणं आणि त्यांना एकत्र ठेवणं हेच माझं मुख्य काम आहे. ज्यांच्याकडे इंजिनिअरिंगची जबाबदारी नुकतीच आली आहे किंवा जे स्वतःची कंपनी उभी करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

विल्यम न्यूएल यांनी १९७०च्या दशकात पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा एक त्रिकोण मांडला होता: एका कोपऱ्यात वीज, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक्स, तिसऱ्यात कंट्रोल, आणि आपला विषय मधोमध. तो त्रिकोण मी आजही नव्या माणसाला पहिल्या दिवशी काढून दाखवते. कोपऱ्यातली तयार माणसं मिळतात. पण आमच्या कामातले महागडे बिघाड सहसा एका कोपऱ्यात होत नाहीत. दोघांचं काम जिथे एकमेकांना चिकटतं, त्या सांध्यावर ते होतात. म्हणून टीम बांधताना पदं कोणती भरायची एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक सांधा कोणाच्या ताब्यात आहे, तेही ठरवा.

आधी कोणाला घ्यावं

पहिला माणूस पॉवर स्टेजचा, आणि तो असा हवा की ज्याला मॅग्नेटिक्स येतं. ट्रान्सफॉर्मर आणि इंडक्टर बाहेरून डिझाइन करून घेणारा पॉवर इंजिनिअर स्वतःच्या कन्व्हर्टरचा अर्धाच मालक असतो. कोअर किती तापेल, लीकेज इंडक्टन्स किती राहील, वाइंडिंगचे थर कसे लावले तर कपॅसिटन्स कमी होईल, यावरच स्विचवर किती ताण येणार ते ठरतं.

दुसरा माणूस कंट्रोल आणि फर्मवेअरचा. तिसरा टेस्टिंगचा. या तिसऱ्या जागेवरून माझे खूप वाद झाले आहेत, कारण बहुतेकांना तिसरा माणूसही डिझाइनचाच हवा असतो. मी ऐकत नाही. दोन डिझाइनर आणि टेस्टर शून्य, अशी टीम आपलंच उत्तर आपणच तपासते. गूगलने २०१४ मध्ये २ केव्हीएच्या लहानात लहान इन्व्हर्टरची स्पर्धा जाहीर केली होती. घन इंचाला किमान ५० वॉट ही अट होती, आणि जिंकणाऱ्या टीमने जवळजवळ तिप्पट घनता गाठली. पण अंतिम फेरीत पोचलेल्या इन्व्हर्टरना प्रयोगशाळेत १०० तास चालून दाखवावं लागलं, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या प्रॉडक्टला असे १०० तास चालवणारा माणूस कंपनीतच हवा, आणि पहिल्या प्रोटोटाइपपासून हवा.

त्यानंतर पीसीबी (सर्किट बोर्ड) लेआउट आणि मेकॅनिकल-थर्मल. हे दोघे एकमेकांशेजारी बसले पाहिजेत. सिलिकॉन कार्बाइडचे (फार जलद चालू-बंद होणारे) स्विच वापरत असाल तर हे फारच जपा. करंट नॅनोसेकंदाला ५ अँपिअरने बदलतो आणि करंटच्या लूपमध्ये २० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो, तेव्हा १०० व्होल्टचा स्पाइक तयार होतो. हीटसिंकचा एक स्क्रू मध्ये आला म्हणून कपॅसिटर थोडा लांब सरकवला, की ते २० सहज ३० होतात. मेकॅनिकलवाल्याला तो स्क्रू हलवणं दोन मिनिटांचं काम असतं, पण त्याला कोणी सांगितलं तर ना.

खरेदीच्या बाजूला निदान एक माणूस असा असावा ज्याला डेटाशीट वाचता येते. याचं कारण पुढे येईलच.

मुलाखतीत काय विचारावं

पदव्या आणि प्रोजेक्टची नावं पाच मिनिटांत उरका. मग कोरा कागद द्या. पॉवर स्टेजच्या उमेदवाराला मी सांगते: ४८ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, लोड १० अँपिअर, इंडक्टरचा करंट काढा. त्रिकोणी लाट सगळे काढतात. मग म्हणते, आता इनपुट कपॅसिटरचा करंट काढा. इथे पेन अडतं. रिपल (करंटची चढउतार) थोडा वेळ बाजूला ठेवला तर हिशोब सरळ आहे: स्विच पाव वेळ चालू, तेव्हा १० अँपिअर ओढले जातात. सोर्सकडून सरासरी अडीचच येतात, उरलेले साडेसात कपॅसिटर देतो. बाकीचा पाऊण वेळ तो अडीच अँपिअरने पुन्हा भरत राहतो. आरएमएस (उष्णतेच्या हिशोबाने परिणामी मूल्य) काढला तर साधारण ४.३ अँपिअर. मग शेवटचा प्रश्न: "हा कपॅसिटर २ अँपिअर रिपलचा आहे. काय कराल?" उत्तर चुकलं तरी चालतं. करंट कुठून कुठे जातोय हे माणूस बोटाने कागदावर फिरवून बघतो का, तेवढं मी पाहते. असं बोट फिरवणारी माणसं पुढे लेआउटवाल्याशीही नीट बोलतात.

फर्मवेअरच्या उमेदवाराला एकच प्रश्न पुरतो. "ब्रिज चालू आहे, बसवर ४०० व्होल्ट आहेत, आणि तू डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावून प्रोसेसर थांबवलास. पीडब्ल्यूएमच्या पिनांचं काय होईल?" (ब्रिज म्हणजे स्विचची जोडणी, बस म्हणजे तिला पुरवठा करणारी डीसी लाइन, पीडब्ल्यूएम म्हणजे स्विचना चालू-बंद करणारे पल्स.) ज्याने खऱ्या हार्डवेअरवर काम केलंय तो लगेच सांगतो की टायमर कसा कॉन्फिगर केलाय त्यावर ते अवलंबून आहे, आणि प्रोसेसर थांबला की आउटपुट सुरक्षित स्थितीत गेलेच पाहिजेत अशी सोय आधी करावी लागते. ओव्हरकरंटचं ट्रिप सॉफ्टवेअरच्या इंटरप्टवर सोडायचं नाही, कंपॅरेटरपासून थेट पीडब्ल्यूएमपर्यंत हार्डवेअरनेच पोचवायचं, हेही तो न विचारता बोलून जातो. आयजीबीटी (एक प्रकारचा पॉवर स्विच) शॉर्टमध्ये साधारण १० मायक्रोसेकंद तग धरतो, सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट स्विचला बऱ्याचदा दोन-तीनच मिळतात. एवढ्या वेळात इंटरप्टच्या भरवशावर बसता येत नाही.

टेस्टिंगच्या उमेदवारापुढे एक चालू सप्लाय ठेवा आणि सांगा, "हा बंद पाडायचा आहे, काय काय करशील?" चांगला टेस्टर सांगतो: इनपुट हळूहळू खाली आणीन, मध्येच झटका देऊन परत वर नेईन, गरम असतानाच बंद करून लगेच चालू करीन, लांब वायरच्या टोकाला शॉर्ट देईन, लोडशिवाय तासभर सोडीन. असा माणूस सापडला की त्याला सोडू नका.

एक सांधा जवळून

हे प्रकरण मी प्रत्येक नव्या टीमला फळ्यावर सोडवून दाखवते. आकडे सोपे धरले आहेत, पण घडतं असंच.

५०० वॉटचा कन्व्हर्टर, इनपुट ४८ व्होल्ट. कंडक्टेड एमिशनच्या (वायरींतून बाहेर जाणाऱ्या नॉइजच्या) चाचणीत १५० किलोहर्ट्झच्या वर काही पीक मर्यादेबाहेर गेले. हा नॉइज (ईएमआय) बघणारा इंजिनिअर फिल्टरमधला चोक (इंडक्टर) १० वरून २२ मायक्रोहेन्री करतो. फिल्टरचा सिरॅमिक कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचाच आहे. चाचणी पास होते, सगळे खूश. महिन्याभराने फुल लोडला इनपुटवर १०-११ किलोहर्ट्झचं दोलन दिसू लागतं आणि कंट्रोलवाला आपल्या कंट्रोल लूपमध्ये चूक शोधत बसतो.

चूक लूपमध्ये नाहीच. रेग्युलेटेड कन्व्हर्टर आउटपुटची पॉवर कायम ठेवतो, म्हणून इनपुट व्होल्टेज कमी झालं की तो जास्त करंट ओढतो. इनपुटकडून बघितलं तर तो ऋण रेझिस्टन्ससारखा वागतो. त्याचं मूल्य व्होल्टेजचा वर्ग भागिले पॉवर, म्हणजे इथे साधारण ४.६ ओहम. आणि २२ मायक्रोहेन्री व १० मायक्रोफॅरडच्या फिल्टरचा स्वतःचा इम्पिडन्स दीड ओहमच्या आसपास. डॅम्पिंग (दोलन शमवणारा रेझिस्टन्स) नसेल तर रेझोनन्सला तो पाचपट होऊन सातच्या वर जातो. फिल्टरचा इम्पिडन्स कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पिडन्सच्या बराच खाली ठेवा, हे रॉबर्ट मिडलब्रूक यांनी १९७६ मध्येच सांगून ठेवलं आहे.

उपाय म्हणून कोणीतरी सिरॅमिकच्या समांतर चारपट मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावतो. त्याच्या आतल्या रेझिस्टन्समुळे दोलन शमतं. प्रकरण मिटलं असं वाटतं. मग वर्षभराने खरेदी विभागाला तो इलेक्ट्रोलिटिक मिळेनासा होतो. ते त्याच मायक्रोफॅरडचा, त्याच व्होल्टेजचा, त्याहून चांगला पॉलिमर कपॅसिटर सुचवतात. ईएसआर (आतला रेझिस्टन्स) कमी, म्हणजे कागदावर वरचढच. तो लागतो आणि दोलन परत येतं, कारण या जागी आपल्याला तो ईएसआरच हवा होता.

तिघांपैकी प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलं. इनपुट फिल्टर आणि कंट्रोल लूप यांचा सांधा मात्र कोणाच्याच नावावर नव्हता.

म्हणून आमच्याकडे एक साधी यादी असते. गेट ड्रायव्हर आणि फर्मवेअर: डेड टाइम (जोडीतले दोन्ही स्विच बंद ठेवायचा वेळ) कोण ठरवतं? मॅग्नेटिक्स आणि थर्मल: ट्रान्सफॉर्मरचं तापमान कोण मोजून सही करतं? लेआउट आणि सेफ्टी: क्रीपेज आणि क्लिअरन्स (पृष्ठभागावरून आणि हवेतून ठेवायची सुरक्षित अंतरं) कोण तपासतं? फिल्टर आणि कंट्रोल: इम्पिडन्सची तुलना कोण करतं? प्रत्येक ओळीपुढे एक नाव, आणि कंसात दुसरं, पहिला रजेवर असेल तेव्हासाठी. "टीम" असं नाव चालत नाही. बीओएममध्ये (भागांच्या यादीत) ज्या भागाचा एखादा विशेष गुण मुद्दाम वापरला आहे, त्याच्यापुढे तसं लिहायचं: "डॅम्पिंगसाठी ईएसआर आवश्यक, डिझाइनला विचारल्याशिवाय बदलू नये." खरेदीतला डेटाशीट वाचणारा माणूस इथे उपयोगी पडतो.

डिझाइन रिव्ह्यू

रिव्ह्यूला स्लाइड आणू देऊ नका. स्कीमॅटिक, लेआउट आणि वेव्हफॉर्म, एवढंच. सर्वांत ज्युनिअर माणूस आधी बोलेल आणि प्रमुख शेवटी, हा नियम पाळा. प्रमुखाने सुरुवातीलाच "हे ठीक दिसतंय" म्हटलं की पुढचा तासभर सगळे ते ठीक कसं आहे तेच सांगत बसतात.

वेव्हफॉर्म दाखवला गेला की मी आधी प्रोब कसा लावला होता ते विचारते. प्रोबची लांब ग्राउंड वायर शंभर नॅनोहेन्रीच्या घरात जाते, आणि प्रोबच्या दहाएक पिकोफॅरडबरोबर तिचं रिंगिंग १५० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसतं. जलद स्विचवर दिसणारं रिंगिंग सर्किटचं की प्रोबचं, हे समजल्याशिवाय स्नबर (असं दोलन शमवणारं सर्किट) बदलायला निघू नका. चांगला डिफरन्शियल प्रोब आणि वरच्या स्विचच्या गेटसाठी ऑप्टिकल आयसोलेशनचा प्रोब यांना मंजुरी देताना हात आखडू नका.

प्रमुखाने काय करावं

आठवड्यातून एक तास बेंचवर उभं राहा. हातात काही घ्यायची गरज नाही. काय चाललंय, कशात अडलंय ते बघा. रिपोर्टमध्ये "एफिशिअन्सी ९८ टक्के" एवढंच लिहिलेलं असतं. बेंचवर दिसतं की ती २५ अंशांना, पंखा समोर ठेवून, पाच मिनिटांत मोजली आहे. आणि ९८ वरून ९९ म्हणजे एकच टक्का असं मार्केटिंगने म्हटलं तर शांतपणे सांगा: १० किलोवॉटच्या युनिटमध्ये उष्णता २०० वॉटवरून १०० वॉटवर येते, म्हणजे निम्म्यावर. त्यासाठी मागितलेला वेळ द्यायचा की नाही, ते हा आकडा समोर ठेवून ठरवा.

टेस्टिंगचा प्रमुख डिझाइनच्या प्रमुखाच्या हाताखाली असू नये. तो थेट वर रिपोर्ट करेल, आणि शिपमेंट थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. हा अधिकार पहिल्यांदा वापरला जाईल तो दिवस कठीण असतो. तारीख दिलेली असते, ग्राहक फोनवर असतो. त्या दिवशी तुम्ही त्याच्या मागे उभे राहिलात तर त्यानंतर कोणी खोटा पास देत नाही. तुम्ही त्याला बाजूला सारलंत तर पुढे त्या सहीला अर्थ उरत नाही, आणि टीमला हे एका दुपारीत समजतं.

कंपनीचा सर्वोच्च प्रमुख स्वतः इंजिनिअर असलाच पाहिजे असं मी मानत नाही. त्याने प्रश्न ऐकून घ्यावेत आणि निर्णय टांगून ठेवू नयेत. आयजीबीटीचा इतिहास इथे बोलका आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९८०च्या सुमारास जयंत बालिगा यांनी या उपकरणावर काम केलं तेव्हा त्यांना कंपनीप्रमुख जॅक वेल्च यांचं पाठबळ मिळालं. बालिगांनीही उपकरण असं आखलं की कंपनीच्या चालू उत्पादन लाइनवरच ते बनवता येईल. एका बाजूला वेळेवर दिलेला होकार, दुसऱ्या बाजूला कारखान्याची अडचण आधीच ओळखून केलेलं डिझाइन. २०२४ मध्ये बालिगांना मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला, तेव्हा मी आमच्या टीमला हीच गोष्ट सांगितली.

बोर्ड उडाला की

पहिली गोष्ट, पुन्हा पॉवर द्यायची नाही. "एकदा बघू तरी" हा मोह आवरा. बस डिस्चार्ज झाल्याचं मीटरने मोजा, आहे तसे फोटो काढा, स्कोपवर राहिलेला शेवटचा वेव्हफॉर्म सेव्ह करा, फर्मवेअरची आवृत्ती लिहा. मग सगळ्या स्विचचे गेट-सोर्स आणि ड्रेन-सोर्स रेझिस्टन्स मोजून तक्ता करा, चांगले दिसतात त्यांचेही.

त्यानंतर चर्चा. ती सुरू करताना मी एक वाक्य नेहमी म्हणते: "आधी काय दिसतंय ते, मग का ते, आणि कोणी केलं हे आज नाही." जळून कोळसा झालेला मॉस्फेट बहुतेकदा बळी असतो; मूळ कारण दुसरीकडेच असतं: उशिरा आलेला गेट सिग्नल, सैल स्क्रू, ओलावा. कारण सापडलं असं वाटलं तर तो बिघाड मुद्दाम पुन्हा घडवून दाखवा. तो घडवता येत नसेल तर तुमच्याकडे अजून अंदाजच आहे. आणि एका वेळी एकच बदल. तीन बदल एकदम करून युनिट चाललं तर काय शिकलात ते सांगता येत नाही.

उडालेले बोर्ड फेकू नका. लेबल लावून कपाटात ठेवा: तारीख, परिस्थिती, कारण. नव्या इंजिनिअरचा पहिला आठवडा आमच्याकडे त्या कपाटासमोर जातो.

लॅबचे नियम

यात सवलत नाही. ८०० व्होल्टच्या बसवर १००० मायक्रोफॅरड म्हणजे ३२० ज्यूल. माणूस मारायला तेवढे पुरेसे आहेत. एकट्याने हाय व्होल्टेजवर काम नाही. इमर्जन्सी स्टॉप दोन्ही माणसांच्या हाताशी. ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर आपोआप रिकामा करणारा) आहे म्हणून विसंबायचं नाही, प्रत्येक वेळी मोजायचं, आणि मोजण्याआधी मीटर चालतोय हे माहीत असलेल्या सोर्सवर तपासायचं. रात्री उशिरा, डेडलाइनच्या आदल्या दिवशी, थकलेल्या माणसाला घरी पाठवणं हे प्रमुखाचं काम आहे. तो नाही म्हणेल. तरी पाठवा.

माणसं टिकवायची तर

मॅग्नेटिक्समध्ये मुरलेल्या इंजिनिअरला पगारवाढीसाठी मॅनेजर व्हावं लागलं, तर तुम्ही एक उत्तम डिझाइनर गमावता आणि बहुधा एक नाखूश मॅनेजर मिळवता. तांत्रिक कामाची वेगळी शिडी ठेवा, मॅनेजरइतक्याच उंचीची, आणि त्या शिडीवरच्या माणसाचं मत शिपमेंटच्या बैठकीत विचारा. नुसतं पद देऊन भागत नाही.

आणि वर्षातून एकदा तुम्ही स्वतः दोन आठवडे रजेवर जा, फोन बंद ठेवून. परत आल्यावर टीमकडून एकच यादी मागा: तुमच्यावाचून कोणते निर्णय अडले? त्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे त्याच बैठकीत कोणाचं तरी नाव लिहा, आणि सांध्यांच्या यादीत त्या ओळी जोडून टाका.